कवायत मुलांना नको, माहिती शिक्षकांना हवी

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) १७ मुली प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या इतिहासातली मुलींची ही पहिली तुकडी. त्यानंतर काही दिवसांतच राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून मुलांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी प्रशिक्षण देण्यात येईल आणि त्यासाठी अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेतली जाईल. सोबत क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काउट-गाइड असतील. देशप्रेम, शिस्त आणि व्यायामाची सवय हे उद्देश सांगण्यात आले.

या उद्देशांशी माझे भांडण नाही. मुले पळावीत, घाम गाळावा, वेळेवर उठावीत, असे कोणत्या शिक्षकाला वाटत नाही? भांडण उपायाशी आहे. आणि त्या उपायाच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते, त्याच्याशी तर अधिकच आहे. पंधरा ऑगस्टच्या भाषणांत, माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, शिक्षक संघटनांच्या अधिवेशनांत एक वाक्य हमखास ऐकू येते: मराठी मुलगा जवान होतो, अधिकारी होत नाही, कारण त्याच्यात धडाडी उरलेली नाही, लहानपणापासून वळण नाही. निदान एकदा असे ठरवले, की औषध आपोआप ठरते. वळण नाही ना, मग पहिलीपासून सावधान-विश्राम.

हे निदानच खोटे आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला जाऊन पाहावे. डांबरी रस्त्याच्या कडेने, साखर कारखान्याच्या मैदानावर, धरणाच्या भिंतीवर मुले पळत असतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत मारले, पुलअप्स किती झाले, छाती किती फुगली, यापलीकडे त्यांच्या बोलण्यात विषय नसतो. बसस्थानकाजवळ भरती अकॅडमीचे फलक असतात. वडील शेतमजूर, आई परक्याच्या रानात खुरपायला जाणारी, आणि पोरगा दोन वर्षे ‘ग्राउंड’ काढतो आहे. ज्या मुलांत एवढी जिद्द आहे त्यांना वळण नाही असे म्हणणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. त्यांच्याकडे नाही ती एकच गोष्ट, माहिती. सैन्यात जाण्याचा एकच दरवाजा त्यांना कोणीतरी दाखवलेला आहे. बाकीचे दरवाजे आहेत हेच त्यांच्या गावात कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या शाळेतल्या सरांनाही नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. सैन्याने शाळेशी जरूर बोलावे. पण त्याने शिक्षकाशी बोलावे, सहा वर्षांच्या मुलाशी नव्हे.

अधिकारी होण्याचा रस्ता वयाने बांधलेला आहे. ठरावीक वर्षी ठरावीक दार उघडते आणि बंद होते, पुन्हा उघडत नाही. सैनिक शाळेत सहावीला प्रवेश घ्यायचा तर मूल दहा ते बारा वर्षांचे असावे लागते. प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली आणि आता चंद्रपुरातही एक आहे. पण जिल्हा परिषदेच्या पाचवीच्या वर्गातल्या किती गुरुजींनी या परीक्षेचा अर्ज पाहिला आहे? देहरादूनचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १९२२ पासून चालू आहे. तिथे आठवीला प्रवेश मिळतो, वय साडेअकरा ते तेरा, आणि महाराष्ट्रातली परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषदच घेते. शिष्यवृत्ती परीक्षेमुळे ही परिषद प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. तिच्याच दुसऱ्या परीक्षेचे नाव मात्र शिक्षकांच्या खोलीत कोणी काढत नाही. सैनिक शाळेतच नववीला आणखी एक संधी असते, पण तोवर परीक्षेचे माध्यम इंग्रजी झालेले असते. दहावीत असताना औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते. अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेणारी ही संस्था राज्य सरकारनेच १९७७ साली काढली. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिकला सुरू झाली आहे.

आणि मग एनडीए. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय. बारावी झालेली किंवा बारावीला बसलेली मुले-मुली पात्र. मुलींना परीक्षा शुल्क नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना नाही, जवान आणि जेसीओंच्या मुलांनाही नाही. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणिताला ३००, सामान्य क्षमता चाचणीला ६०० आणि त्यातले २०० इंग्रजीचे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र विज्ञान शाखा, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. शाखा कोणतीही असो, गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. आता विचार करा. दहावीचा निकाल लागतो, प्रवेशाची घाई सुरू होते, आणि एखादी हुशार मुलगी ‘गणित नको’ म्हणून कला शाखेत किंवा गणित वगळून विज्ञानाला जाते. त्या पंधरा दिवसांत तिच्यासाठी प्रबोधिनीचा रस्ता जवळजवळ बंद होतो, आणि तो बंद झाला हे तिला कळतसुद्धा नाही. अशा वेळी वर्गशिक्षिकेचे एक वाक्य पुरेसे असते. ते वाक्य म्हणायला वर्गशिक्षिकेला आधी ते माहीत असावे लागते.

याच राज्यात काही वर्षांपूर्वी दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात होती. तिच्यातल्या सात क्षेत्रांत एक क्षेत्र गणवेशधारी सेवांचे होते. अहवाल हाती घेऊन मुले विचारायची, ‘सर, माझा कल यात आलाय, आता काय करू?’ मी गणित शिकवत होतो. शिक्षकांच्या खोलीत या प्रश्नाचे एकच उत्तर तयार असायचे: भरतीची तयारी कर, पळायला लाग. सरकारने मुलाला त्याचा कल कोणत्या दिशेला आहे ते सांगितले. त्या दिशेला कोणत्या वाटा जातात, हे शिक्षकाला सांगायची तजवीज मात्र कोणी केली नाही. पहिलीच्या कवायतीने ही उणीव भरून निघणार आहे का?

कवायतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी विचारतो: सैन्य स्वतः अधिकारी निवडताना काय तपासते? एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाचे, पाच दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी चाळणी. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात; मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. पंधरा पंधरा सेकंदांना एक शब्द, असे साठ शब्द. प्रत्येकावर मनात आलेले पहिले वाक्य लिहायचे. साठ प्रसंग दिले जातात: अमुक घडले, तू काय केलेस? मग मैदानावर आठ-दहा जणांचा गट, समोर फळी, दोर, ड्रम आणि ओलांडायचा अडथळा. गटाचा नायक कोणी नेमत नाही. कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याची कल्पना ऐकतो, कोण अडलेल्याला हात देतो, कोण चिडतो, हे परीक्षक बाजूला उभे राहून पाहतात. मुलाखतीत घरचे, शाळेचे, मित्रांचे, अपयशाचे प्रश्न असतात. या पाच दिवसांना ९०० गुण आहेत, म्हणजे संपूर्ण लेखी परीक्षेइतके. ‘दाहिने मूड’ किती डौलात केले याला त्यांत एकही गुण नाही. कवायत प्रबोधिनीत गेल्यावर पहिल्या सत्रात शिकवतात, आणि ती शिकवणारे प्रशिक्षक त्यांच्याकडे उत्तम आहेत.

यातून एकच गोष्ट निष्पन्न होते. अधिकाऱ्यात हवे असलेले गुण म्हणजे पुढाकार, जबाबदारी, झटपट निर्णय, आपले म्हणणे नीट मांडणे, दुसऱ्याला सोबत घेणे. हे वर्गात घडतात. जो मुलगा दहा वर्षे एकदाही उभा राहून स्वतःचे मत बोलला नाही, ज्याने प्रश्न विचारला की ‘गप बस’ ऐकले, तो बंगळूरच्या किंवा भोपाळच्या एसएसबीत गटचर्चेला बसला की गप्पच बसणार. त्याला इंग्रजी अडते हे खरे. तिथला बहुतेक व्यवहार इंग्रजीत चालतो. पण मी पाहिलेली मुले इंग्रजीच्या आधी मराठीतच अडखळत होती, कारण त्यांना कोणी कधी बोलायला लावले नव्हते. आणि आता आपण त्यांच्या शाळेच्या वेळापत्रकात हुकमाबरोबर हलायचे आणखी तास वाढवणार! सहा-सात वर्षांच्या मुलाला हुकूम पाळायला शिकवून नेता घडत नाही. खेळू द्या, भांडू द्या, भांडण मिटवू द्या, वर्गाची सहल त्यांनाच ठरवू द्या. एसएसबीची तयारी यापेक्षा वेगळी नसते. हे मराठीच्या, इतिहासाच्या, गणिताच्या शिक्षकांना सैन्याच्या निवड मंडळातल्या माणसाने समोर बसून सांगितले तर त्यांच्या शिकवण्यात जो फरक पडेल, तो संचलनाने पडणार नाही.

माजी सैनिकांविषयी बोलताना मला जपून बोलायचे आहे, कारण त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. गावातला निवृत्त हवालदार किंवा सुभेदार हा गावाचा आधार असतो. पण तो स्वतः भरतीच्या रांगेतून गेला, आपल्या पलटणीत वाढला, आणि त्याला जे माहीत आहे ते त्याच मार्गाचे. यूपीएससीची गणिताची प्रश्नपत्रिका त्याने पाहिलेली नसते. पाहायचे त्याला कारणच पडले नाही. त्याला पहिलीच्या वर्गावर उभे केले तर तो प्रामाणिकपणे कवायत शिकवील, आणि मुलांच्या मनात सैन्य म्हणजे त्याच्यासारखाच मार्ग, हे आणखी पक्के होईल. साताऱ्याजवळचे अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून देशभर ओळखले जाते. पहिल्या महायुद्धापासून त्या गावाने सैन्याला माणसे दिली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे आपले दोघे मराठे, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, एक नाईक होता आणि दुसरा शिपाई. जवानाचे काम अधिकाऱ्याच्या कामापेक्षा तसूभरही हलके नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या जवान देणाऱ्या घरातला हुशार मुलगा पुन्हा जवानच होणार असेल, तर त्याने तो मार्ग पूर्ण माहितीने निवडलेला असावा. दुसरे काही असते हे ठाऊकच नव्हते म्हणून नव्हे.

त्यात २०२२ पासून जवानाचा मार्गही पूर्वीचा राहिलेला नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस हे वय, चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम ठेवले जाणार. बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम मिळते, निवृत्तिवेतन नाही. योजना चांगली की वाईट, हा वाद इथे नको. मुद्दा असा की शाळेत येऊन ‘फौजी बना’ म्हणणाऱ्याने हे आकडे फळ्यावर लिहिले पाहिजेत. आजही अनेक पालकांच्या डोळ्यांसमोर पूर्वीची पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि आयुष्यभराची पेन्शन असते. शिक्षकालाही नीट माहिती नसेल तर तो तीच जुनी आशा पुढच्या पिढीला देत राहील. बावीस-तेवीसव्या वर्षी गावी परतलेल्या मुलाला मग कोण उत्तर देणार?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांना उत्तर. ते म्हणतात, शाळा आणि सैन्य यांचा संबंधच नको. आज शिक्षकांना माहिती द्याल, उद्या त्यांना भरतीचे एजंट कराल. ही भीती निराधार नाही. अमेरिकेत मरीन कोअर शाळांतल्या शिक्षकांना आणि समुपदेशकांना आपल्या प्रशिक्षण तळांवर, पॅरिस आयलंडला आणि सॅन डिएगोला, पाहुणे म्हणून नेते. नवे रंगरूट कसे घडतात ते दाखवते, जेवू घालते, अधिकाऱ्यांशी गाठी घालून देते. हे काम भरती करणारा विभागच करतो. त्याच देशात ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या माध्यमिक शाळांवर बंधन घातले, की पालकांनी हरकत नोंदवली नसेल तर मुलांची नावे, पत्ते, फोन नंबर सैन्याच्या भरती अधिकाऱ्यांनी मागताच द्यायचे. पालकाने स्वतःहून नकार कळवला तरच मूल यादीबाहेर. हे चूक आहे आणि आपल्याकडे कोणी आणू पाहील तर मी त्याविरुद्ध पहिली सही करीन.

पण अमेरिकेतल्या चुकीवरून आपल्याकडे काहीच करू नये असे म्हणणाऱ्यांना मी एक विचारतो. माहितीचे दार बंद ठेवले तर नुकसान कोणाचे होते? पुण्यातल्या, नागपुरातल्या, ठाण्यातल्या ज्या घरात कोणीतरी कर्नल किंवा विंग कमांडर आहे, त्या घरातल्या मुलाला सगळे तपशील जेवणाच्या ताटावरच मिळतात. महागड्या क्लासचे पैसे भरू शकणाऱ्या घरालाही मिळतात. बंद दाराबाहेर राहतो तो माणदेशातला, मेळघाटातला, किनवटचा मुलगा. सैन्याला शाळेपासून दूर ठेवल्याने गाव सैन्यापासून दूर राहत नाही, हे भरती मेळाव्याच्या गर्दीत दिसतेच. अधिकाऱ्याच्या पदापासून फक्त गरीब मूल दूर राहते. समतेची बाजू घेणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये.

आणि मुलींचे काय? २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला तेव्हा कुठे मुलींना एनडीएची परीक्षा देता आली. दुसऱ्याच वर्षी त्या खडकवासल्यात दाखल झाल्या. पण आमच्या शाळांत अजून कितीतरी ठिकाणी ‘मुलींना एनडीए नसते’ असे बिनधास्त सांगितले जाते. सांगणारा शिक्षक दुष्ट नसतो. त्याला बदल कळवलेला नसतो. न्यायालयाने उघडलेले दार अज्ञानामुळे बंद राहणे, हे मला सगळ्यांत जास्त सलते.

शाळा आणि सैन्य यांच्यात पुलाची गरज आहे असे म्हणावे तर पूलही आधीच बांधलेला आहे. एनसीसी १९४८ पासून आहे. ज्या शाळेत तिची तुकडी आहे तिथला एक शिक्षक सहयोगी एनसीसी अधिकारी असतो. पुरुष शिक्षक त्यासाठी नागपूरजवळच्या कामठीला, शिक्षिका ग्वाल्हेरला प्रशिक्षण घेतात. सैन्याला आतून पाहिलेला हा शिक्षक प्रत्यक्षात कशासाठी वापरला जातो? सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी, पाहुण्यांना मानवंदना देण्यासाठी, गर्दीला आवर घालण्यासाठी. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रावर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाता येते, हे त्याने दहावीच्या पालकसभेत सांगावे अशी सोय कोणी केलेली नाही. एनसीसी नसलेल्या शाळांची संख्या तर फार मोठी. तिथे असा एकही माणूस नाही.

कवायतीचा प्रयोग नवाही नाही. महाराष्ट्र छात्र सेना, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), स्काउट हे सारे आपल्या शाळांत होऊन गेले आहे. नव्वदच्या दशकात राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकी शाळा काढल्या. गणवेश आला, बिगुल आला, संचलन आले. या शाळांतून आजवर किती मुले प्रबोधिनीत गेली, हा हिशेब शिक्षण खात्याने पहिलीच्या वर्गाला हात लावण्याआधी विधिमंडळात मांडावा. तो हिशेब मांडल्याशिवाय नवी कवायत सुरू करण्याचा अधिकार खात्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? खात्याकडून माझी मागणी साधी आहे. शिक्षकांची सेवांतर्गत प्रशिक्षणे दरवर्षी होतातच. त्यांतले काही दिवस या विषयाला द्यावेत. प्रत्येक तालुक्यातून पाचवीचे, आठवीचे आणि दहावीचे वर्गशिक्षक, शक्यतो गणित-इंग्रजीचे, निम्म्या तरी शिक्षिका, यांना खडकवासल्याला, साताऱ्याला, संभाजीनगरला न्यावे. तिथे त्यांना फक्त परेड दाखवून परत पाठवू नये. निवड मंडळावर काम केलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे बसावे. दृष्टिदोष, सपाट तळवे, रंगांधत्व यांमुळे मुले कुठे गळतात ते वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगावे, म्हणजे दोन वर्षे ‘ग्राउंड’ काढल्यावर मेडिकलला बाहेर पडण्याची वेळ मुलावर येणार नाही. एसएसबीतून परत आलेल्या मुलांनीही बोलावे, कारण बहुसंख्य मुले परतच येतात आणि ते अपयश कसे पचवायचे हेही शिक्षकाला ठाऊक हवे. जायबंदी झालेल्या सैनिकाच्या कुटुंबानेही बोलावे. अवघड प्रश्न विचारायची शिक्षकांना पूर्ण मुभा हवी.

आणि काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. कोणत्याही शाळेला भरतीचे उद्दिष्ट देऊ नये. मुलांच्या नावांची यादी कोणाकडेही जाऊ नये. पालक समोर नसताना कोणत्याही मुलाला सैन्यात जाण्याविषयी गळ घालू नये. सैन्याची माहिती देणाऱ्या शिक्षकाने त्याच तासात अभियांत्रिकी, परिचारिका, वनसेवा, शिक्षकी यांचीही माहिती द्यावी. शिक्षकाची निष्ठा सैन्याच्या भरतीशी नाही, समोरच्या मुलाच्या हिताशी आहे, हे त्या परिपत्रकाच्या पहिल्या ओळीत असावे.

माजी सैनिकांची मदत जरूर घ्या, पण सायंकाळी मैदानावर, मोठ्या मुलांसाठी, येईल त्याच्यासाठी. पहिलीच्या वर्गात नको. ती मुले अजून अक्षरे गिरवत आहेत.

एनडीएची अधिसूचना साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात निघते. शिक्षणमंत्र्यांना माझी विनंती आहे की येत्या अधिसूचनेच्या आधी राज्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात निदान एक शिक्षक असा तयार करा, जो ती अधिसूचना मुलांना मराठीत समजावून सांगू शकेल. शिक्षक बंधु-भगिनींनाही विनंती आहे. सरकारची वाट पाहू नका. या वर्षीच्या दहावीच्या पालकसभेत या साऱ्या प्रवेशांची वये आणि महिने फळ्यावर लिहा, आणि मुलींच्या पालकांना ते दोनदा वाचून दाखवा.